मसाई माराला निघण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात न उतरता शेजारच्या ओलारे मोतोरोगी कॉन्झर्व्हन्सीतला, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या खासगी जमिनीवरचा, कॅम्प निवडलास, फार बरं वाटलं. ती जमीन तिथल्या मसाई या गुराखी समाजातल्या कुटुंबांची. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात, म्हणून तिला कुंपण घालण्यापेक्षा किंवा ती विकण्यापेक्षा मोकळी ठेवणं त्यांना परवडतं. साधारण 700 एकरांमागे एकच तंबू आणि एका प्राण्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, असा तिथला नियम. गाईड लांब थांबला तर "आणखी जवळ घ्या" म्हणून त्याच्या मागे लागू नकोस. चित्ता दिवसा शिकार करतो. गाड्यांचा गराडा पडला की हातातली शिकार सोडून निघून जातो आणि पिल्लं उपाशी राहतात.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान आहे. कॅमेरा धरून सामान 15 किलो, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग त्या अरुंद कप्प्यात बसत नाही. प्लास्टिकची पिशवी एकही नको, केनियात 2017पासून बंदी आहे. निळे-काळे कपडे टाळ, चावणारी त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते. स्वेटर, कानटोपी हाताशी ठेव.

वीज सौर आहे. हेअर ड्रायर किंवा किटली लावलीस तर इन्व्हर्टर बंद पडून सगळा कॅम्प अंधारात बसेल. प्लग तीन चौकोनी पिनांचे, अडॅप्टर इथूनच घे. आंघोळीला वर टांगलेल्या बादलीत साधारण 20 लिटर गरम पाणी असतं: अंग भिजव, साखळी ओढून पाणी बंद कर, साबण लाव, मग पुन्हा सोड. सुरुवातीपासून सोडून ठेवलंस तर फेस अंगावरच राहील.

कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर अस्करी, म्हणजे तिथला पहारेकरी, आल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, दहा पावलांवर जायचं असलं तरी. लाडू-चकलीचा डबा पोचल्या पोचल्या स्वयंपाकघरात दे. तंबूत ठेवलास तर वासावर माकडं येतात आणि कापड फाडतात. शाकाहारी जेवणाचं मात्र आताच कळव, तिथे भाजी रोज येत नाही.

आणि पीतज्वराची लस: प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परतल्यावर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. या आठवड्यातच टोचून घे, मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच खेपेला डॉक्टरांना विचार.

तुझी,
आई