नवजात कक्षाच्या रात्रपाळीविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

नवजात अतिदक्षता कक्षाचे उद्घाटन झाले की बाळाला ऊब देणारे वॉर्मर किती, व्हेंटिलेटर किती, खाटा किती हे जाहीर होते. पहाटे तीन वाजता तिथे प्रशिक्षित परिचारिका किती असतात, हे मात्र कोणी विचारत नाही. या कक्षांत काम करणाऱ्या आम्हा परिचारिका आणि डॉक्टरांना त्याच आकड्याची सर्वांत जास्त काळजी वाटते.

रेडिअंट वॉर्मरचेच घ्या. बाळाच्या पोटावर चिकटवलेला प्रोब त्वचेचे तापमान मोजतो आणि त्यानुसार हीटर कमी-जास्त होतो. प्रोब सुटून गादीवर पडला, की यंत्राच्या लेखी बाळ गार पडलेले असते. हीटर पूर्ण ताकदीने तापत राहतो आणि बाळ भाजू शकते. तोच प्रोब अंगाखाली दबला तर तापमान जास्त दिसते, हीटर मंदावतो आणि बाळ खरोखरच गार पडते. दोन्ही वेळा यंत्रात बिघाड नसतो. बाळाच्या तळपायाला हात लावून पाहणारे आणि काखेत थर्मामीटर ठेवून तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या आत आहे ना, हे तपासणारे माणूस तिथे नसते. गर्दी वाढली की एका वॉर्मरवर दोन बाळे ठेवली जातात. प्रोब एकाच बाळाला लावलेला असतो, म्हणजे दुसऱ्याला मिळणारी ऊब निव्वळ नशिबावर. जंतुसंसर्गाचा धोका तर आहेच.

ऑक्सिजनच्या बाबतीत चूक आणखी महागात पडते, कारण ती लगेच दिसत नाही. ऑक्सिजन हे औषध आहे आणि मुदतपूर्व बाळाला ते मोजूनच द्यावे लागते. ते चालू असताना पल्स ऑक्सिमीटरवर साधारण ९० ते ९५ टक्के दिसायला हवेत. १०० दिसले की सगळे निश्चिंत होतात; आम्हाला मात्र धास्ती वाटते ती तेव्हाच. जादा ऑक्सिजनमुळे दृष्टिपटलाच्या अपक्व रक्तवाहिन्यांची वाढ बिघडते, पुढे दृष्टिपटल सुटू शकते आणि वाचलेले बाळ आयुष्यभरासाठी दृष्टी गमावते. सिलिंडरमधून किंवा पाइपलाइनमधून येणारा ऑक्सिजन जवळजवळ शुद्ध असतो. त्यात हवा मिसळायला ब्लेंडर लागतो आणि ब्लेंडरला दाबाखालची हवा लागते. ऑक्सिजनची पाइपलाइन टाकली आणि हवेची विसरली, तर ब्लेंडर भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. त्यामुळे दोन्ही पाइपलाइन एकाच निविदेत असाव्यात, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

ऑक्सिमीटरच्या अलार्मला वरची मर्यादाही असते. ती लावली की अलार्म सारखा वाजतो आणि दर वेळी कोणीतरी जाऊन ऑक्सिजन थोडा कमी करावा लागतो. आठ-दहा बाळे सांभाळणाऱ्या एकट्या सिस्टरने तो अलार्म बंद केला, तर दोष तिला देता येणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या एक किंवा फार तर दोन बाळांमागे एक परिचारिका आणि स्थिर बाळांसाठी तीन-चार बाळांमागे एक, हे प्रमाण तिन्ही पाळ्यांत हवे. प्रशिक्षण घेऊन तयार झालेल्या परिचारिकेची काही महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये. बारीक शिरेत सुई घालणे, सीपॅपच्या (नाकातून हलक्या दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या) नळीने नाकाला जखम होऊ न देणे, श्वास थांबल्याचे छातीच्या हालचालीवरून ओळखणे, हे कौशल्य हातात मुरायला वेळ लागतो.

मुदतपूर्व बाळांच्या डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात आणि फारच लवकर जन्मलेल्या बाळांची त्याहून आधी व्हावी लागते. उपचार लागले तर बहुतेकदा ४८ ते ७२ तासांत करावे लागतात. घरी सोडताना नुसते ‘डोळे दाखवा’ असे लिहून भागत नाही. कार्डावर तारीख, ठिकाण आणि वेळ हवी.

आता आईबद्दल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच आईच्या छातीशी ठेवले गेले. स्थिर झाल्यावर कांगारू केअर, म्हणजे आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, सुरू केलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही जन्मानंतर लगेच सुरुवात करा आणि दिवसातून ८ ते २४ तास कांगारू केअर द्या, असे सांगते. आईला भेटीच्या वेळेपुरते आत सोडले तर हे होणार कसे? तिची खाट बाळाशेजारी, कक्षाच्या आतच हवी. तिचे जेवण, स्वच्छतागृह आणि प्रसूतीनंतरची तपासणीही तिथेच हवी. ही जागा इमारतीच्या नकाशातच धरावी लागते, मागाहून निघत नाही.

आगीबद्दल थोडक्यात. बंद खोली, जादा ऑक्सिजन असलेली हवा, अहोरात्र तापणारे हीटर आणि एक्स्टेंशन बोर्ड हे फार घातक मिश्रण आहे. प्रत्येक खाटेजवळ पुरेसे पक्के सॉकेट हवेत, विजेच्या भाराची नियमित तपासणी हवी. ऑक्सिजन बंद करण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे रात्रपाळीतल्या प्रत्येकाला माहीत हवे. बाळे बाहेर नेण्याचा सराव रात्रीच व्हावा, कारण माणसे कमी असतात ती रात्रीच.

वॉर्मर घेताना जादा प्रोब, ऑक्सिमीटरचे नवजातांसाठीचे सेन्सर, सीपॅपच्या सर्व मापांच्या नळ्या आणि देखभालीचा करार त्याच खरेदीत धरावा. एवढ्याशा प्रोबअभावी अख्खा वॉर्मर पडून राहतो.

महोदय, येत्या महिन्यात प्रत्येक नवजात कक्षाकडून एकाच रात्रीची माहिती मागवा: पहाटे तीनला बाळे किती, प्रशिक्षित परिचारिका किती, चालू ब्लेंडर किती, एका वॉर्मरवर दोन बाळे किती ठिकाणी आणि बाळाशेजारी माता किती. ती रुग्णालयनिहाय प्रसिद्ध करा आणि पुढची भरती त्या यादीत सर्वांत मागे असलेल्या कक्षापासून सुरू करा.

आपले,
नवजात कक्षांत काम करणाऱ्या परिचारिका व डॉक्टर