राईला वाढू देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

काल सकाळी राईचे, म्हणजे माझ्या कॅमेलियनचे (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या मादीचे), वजन ३१.४ ग्रॅम भरले. तुम्हाला पहिले पत्र लिहिले तेव्हा ती सात आठवड्यांची होती आणि तुमच्या सांगण्यावरून पहिल्यांदा काट्यावर घेतली तेव्हा वजन भरले होते २.१ ग्रॅम. त्याच अंड्यांच्या खेपेतून निघालेला तिचा भाऊ त्या दिवशी तिच्या जवळजवळ तिप्पट होता. तुमचे आभार मी पूर्वीच मानले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण न वाढणारे इवलेसे पिल्लू पुढ्यात घेऊन हवालदिल झालेल्या आणखी कोणाच्या हाती ते पडावे आणि त्या वेळी मी केलेल्या चुका त्याने करू नयेत, अशी इच्छा आहे.

ही दोन पिल्ले येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातल्या, डोक्यावर उंच तुरा असणाऱ्या व्हेल्ड कॅमेलियन जातीची, पाळीव जोडीपासून झालेली. काही महिन्यांचे होईपर्यंत भावंडे एकत्र राहिली तरी चालते, असे देणाऱ्याने सांगितले आणि मी ते मुकाट्याने मानले. काचेच्या एकाच पेटीत दोघे राहू लागले. थोड्याच दिवसांत भाऊ दिव्याखालच्या फांदीवर आणि राई तळाशी, पानांच्या मागे, काळपट रंगात, अशी वाटणी ठरून गेली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात; राईची धाव तेव्हा एका फांदीच्या पलीकडे जात नव्हती. ती अशक्त आहे आणि तिला अधिक काहीतरी दिले पाहिजे, असा मी त्याचा अर्थ लावला. म्हणून मी मोठे रातकिडे सोडले, जास्त वॉटचा दिवा लावला, रात्री थंडी वाजू नये म्हणून लाल दिवा जोडला, दर तासाला पाण्याचा फवारा मारला, आणि एवढे करूनही ती खाईना तेव्हा तिला तळहातावर घेऊन चिमट्याने किडा तोंडाशी धरू लागलो. माझ्या मायेला काही सीमाच उरली नव्हती म्हणा ना.

तुमच्या पहिल्या उत्तरात सल्ला एकही नव्हता, नुसते प्रश्न होते. सकाळी दिवा लागण्यापूर्वी तिचा रंग कसा असतो? दिवसा डोळे मिटून बसते का? डोळे खोल गेलेले दिसतात का? विष्ठेतला पांढरा भाग खरोखर पांढरा आहे की नारिंगी? ती बसते त्या फांदीवर नेमके किती तापमान आहे, आणि ते कशाने मोजले? वजन किती, आणि मागच्या आठवड्यात किती होते? यांतल्या बहुतेक प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते आणि त्याची मला लाज वाटली. वजन तर मी कधी केलेच नव्हते. ‘लहान आहे’ एवढेच मला माहीत होते. ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा घ्या, त्यावर फांदीचा तुकडा ठेवून काटा शून्यावर आणा आणि तिला पकडून न ठेवता आपल्या पायांनी त्या फांदीवर चढू द्या, ही तुमची युक्ती मी आजही वापरतो. रोज वजन करू नका, हेही तुम्ही बजावले होते. पोटभर पाणी प्यायल्याने किंवा एकदा विष्ठा टाकल्याने एवढ्याशा जिवाच्या वजनात जो फरक पडतो, तो पाहून माणूस उगाच हुरळतो किंवा घाबरतो.

दुसऱ्या पत्रात मात्र तुम्ही दोन गोष्टी त्याच दिवशी करायला सांगितल्या. त्यांतली पहिली भावंडांना वेगळे करण्याची. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला ना आईची सोबत मिळते ना त्याला भावंडांची गरज असते. उलट दुसरा सरडा सतत नजरेसमोर असणे हीच त्याच्यासाठी धमकी ठरते आणि त्यासाठी चावाचावी व्हावी लागत नाही, हे तुम्ही समजावून सांगितलेत. थोरला नुसता वरच्या फांदीवर बसलेला असला, तरी धाकटी ना शेक घ्यायला वर जात, ना उघड्यावर येऊन शिकार करत. मी भावाला त्याच संध्याकाळी दुसऱ्या जागी हलवले. आता सगळे सुरळीत होईल अशी माझी खात्री होती, पण तीन दिवस उलटले तरी राईचा काळपटपणा जाईना. ‘पेटी काचेची आहे ना, मग एक सरडा अजून आतच आहे,’ असे तुम्ही लिहिलेत. खाली वाकून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले तेव्हा काचेतले तिचे प्रतिबिंब मला स्वच्छ दिसले. तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवला आणि पाचव्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदाच फिकट हिरव्या रंगात वरच्या फांदीवर बसलेली दिसली. कॅमेलियन आजूबाजूला मिसळून जाण्यासाठी रंग बदलतो, असे मी तोवर धरून चाललो होतो. त्या रंगात तिची भीती, थंडी आणि स्वस्थता वाचायची असते, हे मला त्या सकाळी प्रत्यक्ष कळले.

दुसरी तातडीची गोष्ट उष्णतेची. तुमचा तारेचा तापमापक आला आणि त्याचे टोक दिव्याखालच्या फांदीवर बांधून पाहिले, तर आकडा ३४ अंशांवर गेला. काचेला चिकटवलेल्या माझ्या गोल तापमापकात तेव्हा २७ दिसत होते. २ ग्रॅमचे शरीर मोठ्या सरड्यापेक्षा कितीतरी लवकर तापते आणि तितक्याच लवकर सुकते, म्हणून पिल्लाला शेकायची जागा २७ ते २९ अंशांपुरतीच असावी आणि बाकीची पेटी त्याहून थंड असावी, असे तुम्ही लिहिले होते. मी दिवा बदलला, काचेच्या झाकणाऐवजी जाळी बसवली आणि रात्रीचा लाल दिवा काढून टाकला. रात्री तापमान १८-२० अंशांपर्यंत उतरले तर बिघडत नाही, उलट पूर्ण अंधार आणि तो गारवा तिला हवाच असतो, हे वाचून मी आधीच्या कित्येक रात्री तिची झोप मोडली असणार, या विचाराने खजील झालो.

काचेच्या झाकणाने आणखी एक नुकसान केले होते. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा मी त्या झाकणावर ठेवला होता, आणि साधी काच ते किरण जवळजवळ सगळेच अडवते. ते किरण अंगावर पडल्याशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोहोचत नाही. पाय वाकणे, जबडा मऊ पडणे आणि जीभ नीट न झेपावणे हे पुढचे भोग तिथूनच सुरू होतात. सुदैवाने राई तिथवर गेली नव्हती. आता जाळीवर सरळ नळीचा यूव्हीबी दिवा आहे आणि त्याचा उजेड डोळ्यांना जसाच्या तसा दिसत असला तरी किरण मंदावत जातात, म्हणून तो बसवल्याची तारीख मी त्याच्यावरच लिहून ठेवली आहे.

खाण्याबद्दल तुम्ही शिकवलेला नियम लक्षात ठेवायला सोपा होता. तिच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढे अंतर, त्याहून लांब किडा द्यायचा नाही. या मापाने माझे रातकिडे तिच्यासाठी राक्षस होते. त्यांना पाहून ती मागे सरायची, आणि न खाल्लेले रातकिडे रात्री तिलाच चावण्याचा धोका होता तो वेगळाच. मग उडता न येणाऱ्या फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढी रातकिड्यांची पिल्ले सुरू झाली. पेटीत सगळीकडे उधळण्याऐवजी तिच्या आवडत्या फांदीजवळ छोटा पेला टांगून त्यात फळाची चकती ठेवावी, म्हणजे माश्या तिथेच घोटाळतात आणि शिकार तिला जागेवरून दिसते, ही सूचना तर फारच गुणाची ठरली. दिवसातून दोनदा, खाईल तितके, आणि त्या किड्यांना आदल्या दिवशी भरपूर हिरवा पाला. कॅल्शियमची भुकटी मी एवढी चोळत असे की माश्या पीठ लागल्यासारख्या दिसत. ड-३ नसलेली भुकटी रोज अगदी हलकी, आणि ड-३ व इतर जीवनसत्त्वांची महिन्यातून दोनदाच, असे प्रमाण तुम्ही बांधून दिलेत. फवारासुद्धा आता सकाळी दिवा लागण्याआधी आणि रात्री दिवा मालवल्यावर असा दोनच वेळा, मधे सगळे वाळू द्यायचे, आणि दुपारी पानांवर थोडा वेळ ठिबक. ती वाटीतले पाणी कधीच पीत नाही, पण पानाच्या टोकाशी थांबलेला थेंब तिला लगेच दिसतो.

औषधाचे नाव मात्र तुम्ही एकदाही काढले नाही, याबद्दल मला तुमचा विशेष आदर वाटतो. मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा ‘ताजी विष्ठा घेऊन सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे जा, न पाहता मी काही सांगणार नाही’ असेच उत्तर आले. तपासणीत परजीवी निघाले नाहीत, आणि खरी कसोटी तिथून पुढे सुरू झाली, कारण करण्यासारखे काही उरले नव्हते. पहिल्या आठवड्यात वजन ०.२ ग्रॅमने वाढले, दुसऱ्यात अजिबात नाही. मी पुन्हा अस्वस्थ होऊन लिहिले, तर तुम्ही विचारलेत की ती रोज खाते आहे का, रंग उजळ आहे का, फांदी घट्ट धरते का. तिन्हींचे उत्तर हो असेल तर पेटीपासून दूर बसा. तिसऱ्या आठवड्यात काटा ३.१ वर गेला आणि पुढे थांबला नाही.

तिच्या मागच्या पायांवर टाचेजवळ नरांना असतो तसा काटा नाही, म्हणून ती मादी आहे हे तुम्हीच फोटोवरून ओळखलेत आणि भावाला गाठण्याच्या नादात तिला ठासून खाऊ घालू नका, असा इशाराही दिलात. या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते आणि फार खाल्लेल्या मादीच्या पोटात ती फार होतात, हे कळल्यापासून दोघांच्या वजनांची तुलना मी वहीतून खोडून टाकली आहे. ती आजही भावापेक्षा बरीच लहान आहे.

तुमचा तापमापक या पत्रासोबत परत पाठवतो आहे. मी स्वतःचा घेतला आहे आणि दोन्ही एकाच फांदीवर दिवसभर बांधून ताडून पाहिले आहेत. अर्ध्या अंशाचाही फरक नाही. वजनाच्या वहीची प्रतही जोडली आहे. तिच्यातले पहिले पान कोरे आहे, कारण त्या सात आठवड्यांत मी काहीच मोजले नव्हते.

आपला ऋणी,
राईचा पालक