इव्हेतचे काळे हातमोजे

पुणे

प्रिय वासंती,

तुझं पत्र मिळालं. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने काढलेली पॅरिसची गायिका इव्हेत गिल्बेर पाहून तू एवढी भडकलीस, हे वाचून खरं तर मजा वाटली. "बाईचं असं वेडंवाकडं तोंड काढायचं आणि वर त्याला कला म्हणायचं?" अगं, हीच तक्रार खुद्द इव्हेतची होती! १८९४ मध्ये त्याने तिला पोस्टरचं कच्चं चित्र पाठवलं, तेव्हा तिने कळवलं, देवाखातर मला एवढी भयंकर कुरूप करू नका, थोडी कमी करा. त्या हंगामाचं पोस्टर तिने आधीच दुसऱ्याकडे सोपवलं होतं. लोत्रेकचं कधी छापलंच गेलं नाही.

पण पुढचं ऐक. त्याच वर्षी प्रकाशक आंद्रे मार्तीने लोत्रेकच्या तिच्यावरच्या सोळा शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) चित्रांचा अल्बम काढला, समीक्षक ग्युस्ताव्ह जफ्रुआच्या मजकुरासह. मजकूर आणि चित्रं एकाच पानावर, सगळं हिरवट शाईत. प्रती फक्त १००, आणि त्यांवर सही केली ती इव्हेतने, स्वतःच्या हाताने. रागावलेल्या बाईने सही का केली असेल? मला वाटतं, आपलं काम या माणसाला कळलंय हे तिला कळलं होतं.

तू स्वतः रंगमंचावर उभी राहतेस, म्हणून तुला हे पटेल. तेव्हा दिवे रंगमंचाच्या कडेला, खाली असायचे. प्रकाश हनुवटीखालून वर चढायचा. नाकाची, गालाची सावली उलटी पडायची. त्यात ही बाई गाणं गाण्यापेक्षा बोलायचीच जास्त. अंग जवळजवळ स्थिर आणि चावट ओळी अगदी निरागस चेहऱ्याने टाकायच्या! सगळा खेळ भुवया, ओठ आणि लांब मानेचा. अशा वेळी कोणाचा फोटो काढला तर तो देखणा येईल का? तुझे तालमीतले फोटो आठव (रागावू नकोस).

आणि तिचे ते काळे हातमोजे. सुरुवातीला हाताशी पैसे नव्हते, काळे स्वस्त पडायचे आणि मळ दिसायचा नाही, म्हणून तिने ते घातले. पुढे तीच तिची ओळख झाली. अल्बमच्या मुखपृष्ठावर इव्हेत नाहीच, नुसते टाकून दिलेले हातमोजे आहेत. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'दिव्हां जापोने' या पॅरिसच्या गाण्याच्या कॅफेच्या पोस्टरमध्ये तर त्याने हद्द केली: पुढे प्रेक्षकांत नर्तकी जेन आव्रिल ऐटीत बसलीय, आणि मागे रंगमंचावरच्या इव्हेतचं डोकंच चौकटीबाहेर कापून टाकलंय. तरी हातमोज्यांवरून पॅरिसकरांनी तिला ओळखलंच.

हे सगळं दगडावरचं काम आहे. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, तेही उलटं, मग डिंकाचा हात, पाणी आणि वर शाईचा रोलर. तेलकट रेषा शाई धरते, ओला दगड सोडतो. खडू हातात असला की रेषा कागदावरच्यासारखीच चटकन उमटते, तांब्याच्या पत्र्यासारखं कोरत बसावं लागत नाही. म्हणून एका क्षणाची भुवई त्याला पकडता आली. ठिपक्यांचा फवारा हवा असेल तर तो दात घासायच्या ब्रशने शाई उडवायचा.

योगायोग बघ, त्याच १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्मांचा शिळाछापखाना सुरू झाला. तंत्र तेच, पण आपल्या घराघरांत पोचली ती गुळगुळीत गालांची लक्ष्मी-सरस्वती. मला ती आवडते, पण तिला घाम येत नाही.

लोत्रेकला नुसतं देखणं जमत नव्हतं असं नाही हं. १८९५ चं त्याचं नटी मार्सेल लांदेरचं चित्र बघ, आठ रंगांत छापलेलं, केसांत फुलं खोवलेली, सगळा झगमगाट. छपाई म्हणून ते सरस आहे. पण मला विचारशील तर मी इव्हेतच घेईन.

एका चिनीमातीच्या फरशीवर त्याने तिला काढलं तेव्हा तिने त्यावरच लिहिलं, 'छोट्या राक्षसा, काय भयानक केलंयस हे!' आणि खाली सही ठोकली. आता तूच सांग, ही भांडणाची भाषा आहे की दोस्तीची?

तुमच्या नव्या नाटकाचं पोस्टर कोण करतंय? काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीरा