लावणीच्या दिवसांतला ताप अंगावर काढू नये

संपादक महोदय,

पावसाळी तापाचा विषय निघाला की डेंग्यू आणि मलेरियाची चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी. परंतु कोकणात भातशेतीत राबणाऱ्यांच्या जिवावर उठणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस ऊर्फ 'लेप्टो' या जिवाणूजन्य तापाकडे बहुधा रुग्ण अत्यवस्थ झाल्यावरच लक्ष जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, त्यामुळे हा शहरात तुंबलेल्या पाण्याचा आजार असल्याचा समज आजही आहे. उंदीर, घुशी आणि गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे जिवाणू पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायावरच्या लहानशा खरचटीतून किंवा चिखलाने फुगलेल्या कातडीतून शरीरात शिरतात, हे लक्षात घेतले तर दिवसभर कुणग्यात (भातखाचरात) अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायामाणसांना असलेला धोका वेगळा सांगावा लागू नये.

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला लावणी आटोपल्यावर आठवड्याभराने थंडी वाजून ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला उभे राहवत नव्हते, पण ते लावणीचे श्रम समजले गेले. एका खासगी दवाखान्यात 'व्हायरल' म्हणून वेदनाशामक इंजेक्शन मिळाले. तिसऱ्या दिवशी लेप्टोची तपासणी झाली, अहवाल निगेटिव्ह आला आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा घरात काविळीच्या झाडपाल्याचा शोध सुरू झाला आणि लघवी जवळजवळ बंद झाल्यावर मोठे रुग्णालय गाठले. डायलिसिस करावे लागले. तो वाचला, हे आमचे नशीब.

त्या अहवालाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथेच आमची फसगत झाली. नेहमीची तपासणी आजाराशी लढण्यासाठी शरीर रक्तात तयार करते ती प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला ताप आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतील निगेटिव्ह अहवालाने लेप्टो नाही असे ठरत नाही. लक्षणे आणि चिखल-पाण्याशी आलेला संबंध पाहून संशयावरच उपचार सुरू करावे लागतात. वेळेवर दिली तर साधी, स्वस्त प्रतिजैविके या आजारावर चालतात. यासाठी रुग्णाने 'मी लावणीला होतो' हे न विचारता सांगावे आणि डॉक्टरांनी ते आवर्जून विचारावे. मूत्रपिंडांवर आधीच ताण असताना वेदनाशामके अपाय करू शकतात, हेही ध्यानात असावे.

गमबूट घाला, असा सल्ला दिला जातो. पण चिखलणी केलेल्या शेतात ते रुतून बसतात, हे लावणी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यापेक्षा जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे आणि घरी येताच साबणाने हातपाय धुणे जमण्यासारखे आहे. शिवाय जोखमीच्या काळात आठवड्यातून एकदा घ्यावयाची डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी आहेच. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी; गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना देऊ नये.

आरोग्य विभागाला विनंती आहे की, तरवा (भाताची रोपे) काढायला सुरुवात होण्यापूर्वीच या गोळ्या आशा सेविकांमार्फत वाडीवाडीवर पोहोचाव्यात आणि परजिल्ह्यांतून वा नेपाळहून येणारे मजूरही त्यातून सुटू नयेत.

– एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)