गोष्टीच्या पुस्तकांचे कपाट वर्षभर उघडे राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त दरवर्षी १५ ऑक्टोबरला राज्यातील शाळांमध्ये ‘वाचन प्रेरणा दिन’ साजरा होतो. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून पुस्तके मांडली जातात, आणि पहिली-दुसरीची मुले ती ज्या असोशीने हातात घेतात ते पाहिल्यावर ‘आजच्या मुलांना वाचायला नको’ या तक्रारीवर माझा तरी विश्वास बसत नाही. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. पुस्तके मोजून कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात राहते. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत उभी नोकरी केलेली एक शिक्षिका म्हणून या कुलपाविषयी आणि वर्गात वाचनाची गोडी लावणाऱ्या काही साध्या खेळांविषयी लिहावेसे वाटले.

कुलूप लावणाऱ्या शिक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. शाळेतले प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढलेले असते. बदली झाली की कार्यभार देताना ते एकेक करून मोजून द्यावे लागते, आणि कमी भरले तर त्याचा जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. सहा वर्षांच्या मुलाने रोज हाताळलेले पुस्तक फाटणारच, त्याची शिवण उसवणारच. म्हणजे पुस्तक वापरले तर शिक्षक अडचणीत येतो आणि न वापरता कोरे ठेवले तर सुरक्षित राहतो. ही व्यवस्था आहे तशीच ठेवून आपण कितीही उपक्रम जाहीर केले, तरी ते एका दिवसापुरतेच राहतील. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. हा कायदा २०१० पासून लागू आहे. मुलांच्या हातापर्यंत न पोहोचणाऱ्या कपाटाला ग्रंथालय म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

कपाट उघडले, तरी मुले आपोआप वाचू लागत नाहीत. त्यांना आधी गोष्ट ऐकू यावी लागते, आणि म्हणून माझ्या मते पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शिक्षकाने रोज मोठ्याने वाचून दाखवणे. पोषण आहार घेऊन मुले वर्गात परततात, तेव्हाची दहा-पंधरा मिनिटे यासाठी फार चांगली. गोष्ट तोंडी सांगण्यापेक्षा ती पुस्तकात पाहून वाचावी, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडचे मूल घरी ‘व्हतं’, ‘न्हाय’, ‘कुटं’ असे बोलते. पुस्तकातले ‘होते’, ‘नाही’, ‘कुठे’ त्याच्या कानावर पुरेसे पडलेले नसेल, तर अक्षरे जुळवता येऊनही वाक्य त्याला परके वाटते. कानाला सवय झाली, की डोळ्यांचे काम हलके होते. वाचताना एक युक्ती मात्र जरूर करावी. गोष्ट ऐन रंगात आली असताना, समजा विहिरीतून आवाज कोणाचा येतो आहे हे कळायच्या आधीच, पुस्तक मिटावे आणि ते मुलांच्या हाताला लागेल असे टेबलावरच ठेवून द्यावे. सुट्टीत दोन-चार मुले त्या पुस्तकाभोवती जमतातच. ज्याला वाचता येते तो वाचतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘बाई, आम्हाला म्हाईत हाय पुढं काय झालं’ असे सांगायला तीच मुले सर्वांत पुढे असतात.

दुसरा उपाय जोडीने वाचण्याचा आहे. आपल्याकडे द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत आणि त्यांत दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात. याकडे आपण अडचण म्हणूनच पाहतो, पण वाचनासाठी ही सोय आहे. चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला शेजारी घेऊन चित्रांचे पुस्तक वाचून दाखवावे. पहिलीतली मुलगी ‘चिमणी’ हा शब्द वाचताना नेमकी कोठे अडते, ते पाहण्यासारखे असते. ‘चि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण तिचा उच्चार ‘च’च्या नंतर करायचा असतो. तिचे बोट वेलांटीवर थबकते, मागेपुढे होते, आणि शेजारचा मोठा मुलगा ते बोट धरून पूर्ण अक्षरावरून फिरवतो. मोठ्या माणसाच्या समजावण्याने जे साधत नाही, ते तेथे सहज साधते. याचा खरा लाभ तर त्या चौथीच्या मुलाला होतो. जो मुलगा स्वतःच्या इयत्तेचा धडा वर्गासमोर वाचायला लाजतो, कारण जोडाक्षर आले की तो अडखळतो आणि मुले हसतात, तोच मुलगा लहानग्यासाठी म्हणून सोपे पुस्तक निःसंकोच हातात घेतो. आपल्या वयापेक्षा सोपे पुस्तक वाचण्याची त्याची गरज असते, आणि या निमित्ताने त्याचा मान राखून ती पुरी होते. मागे पडलेल्या मुलांसाठी यापेक्षा चांगला उपाय मला माझ्या नोकरीत सापडला नाही.

चिठ्ठ्यांचा खेळ मुलांना अतिशय आवडतो. पहिल्या चिठ्ठीवर ‘माझ्या पोटात पाणी आहे, पण मी नदी नाही’ असे लिहिलेले असले, की गट धावत पाण्याच्या टाकीकडे जातो. तेथे दुसरी चिठ्ठी मिळते आणि शेवटच्या चिठ्ठीवर ‘मला पाने आहेत, पण मी झाड नाही’ असे कोडे असते, ज्याचे उत्तर शोधत सगळी मुले पुस्तकांपाशी येऊन पोहोचतात. प्रत्येक चिठ्ठी गटातल्या वेगळ्या मुलाने वाचायची, एवढा एकच नियम ठेवावा. नाहीतर हुशार मूल एकटेच वाचत राहते. एसटीच्या पाट्या, किराणा दुकानातली वेष्टने, बियाण्यांच्या पिशव्या, ग्रामपंचायतीचा फलक हेही वाचनाचेच साहित्य आहे, हे बहुतेक शिक्षक जाणतातच.

नाट्यवाचनाविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. गोष्टीतले संवाद मुलांत वाटून द्यावेत, पाठांतराची सक्ती नसावी, कागद हातात धरूनच प्रत्येकाने आपले पात्र वाचावे. म्हातारीचा आवाज जमावा म्हणून एखादी मुलगी त्याच चार ओळी घरी, वाटेत, पाणी भरताना पुनःपुन्हा म्हणते. वाचनाचा ओघ अशाच पुनरावृत्तीने येतो. जे मूल एकेक अक्षर लावत वाचते, ते वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते, म्हणून त्याला अर्थ लागत नाही आणि म्हणून रस वाटत नाही. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखनासाठी व अंकज्ञानासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट योग्यच आहे, पण घड्याळ समोर ठेवून मुलाला धावते वाचायला लावल्याने ते साधणार नाही. शिक्षकाने नोंद आपल्यापुरती ठेवावी. मुलाच्या डोळ्यांसमोर म्हातारी आणि वाघच असावेत.

याच कारणाने, आवडीने वाचलेल्या पुस्तकावर लगेच प्रश्न विचारणे आणि तात्पर्य लिहून घेणे थांबवावे, अशी शिक्षकबंधू-भगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरा कागद चिकटवावा आणि वाचणाऱ्याने वाटल्यास त्यावर एखादी ओळ लिहावी. ‘ज्याला कुत्रा आवडतो त्याने हे वाचा’ या एका ओळीने पुस्तक जेवढ्या हातांत फिरते, तेवढे ते शिक्षकाच्या सांगण्याने फिरत नाही.

आपल्या भागाचा आणखी एक प्रश्न आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला, की सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले अर्ध्या वर्षात आमच्या वर्गांत दाखल होतात. हंगाम संपताच ती परत जातात. पुस्तक कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर, नेले तर ते परत येणार नाही, या भीतीने या मुलांना पुस्तक घरी दिले जात नाही. ते दिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळी कोपीत त्या मुलाजवळ दुसरे काहीही वाचायला नसते. या मुलांकडून त्यांच्या गावाची, बैलांची, प्रवासाची गोष्ट सांगवून घ्यावी, वर्गातल्या मुलांनी ती मोठ्या अक्षरांत लिहावी, चित्रे काढावीत आणि दोऱ्याने शिवून तिचे पुस्तक करावे. आपल्या गोष्टीचे पुस्तक झाले, की ते मूल ते वाचल्याशिवाय राहत नाही, आणि इथल्या मुलांनाही सोबतीचा नवा मुलगा कोठून आला ते कळते.

पुस्तके उघड्यावर ठेवली तर राहतील का, या शंकेचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून सुरुवात झाली आणि गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तके ठेवून अनोळखी वाचकांना दारे उघडी केली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी पाहुण्यांवर एवढा विश्वास टाकला असेल, तर शाळेने स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर तो टाकायला काय हरकत आहे?

यासाठी सातारा व सांगली जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी एक स्पष्ट परिपत्रक काढावे. हाताळून फाटलेल्या व हरवलेल्या बालपुस्तकांचे दरवर्षी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने निर्लेखन करता यावे, म्हणजे ती साठा नोंदवहीतून कमी करता यावीत, आणि त्यासाठी शिक्षकाकडून वसुली किंवा खुलासा मागू नये, एवढेच त्यात असले तरी पुरे आहे. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत किती पुस्तके शिल्लक आहेत हे मोजण्याऐवजी किती पुस्तके मुलांच्या घरी आहेत हे विचारावे. पुढच्या १५ ऑक्टोबरच्या आत हे परिपत्रक निघाले, तर त्या दिवशी बाहेर काढलेली पुस्तके पुन्हा कपाटात बंद करण्याची वेळ शिक्षकांवर येणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कोरेगाव, जि. सातारा