त्या शर्टाबद्दल तिलाच विचारायचे होते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या छायाचित्र प्रदर्शनावर कालच्या अंकात आलेला अर्ध्या पानाचा लेख मी दोनदा वाचला. ते प्रदर्शन मी स्वतः पाहून आलो आहे आणि लेखासोबत आपण छापलेल्या छायाचित्रातील बाई आमच्याच गावची आहे, म्हणून हे पत्र लिहिणे मला भाग पडले.

आपल्या लेखकाने तिच्या अंगातील पुरुषी शर्टावर एक संपूर्ण परिच्छेद लिहिला आहे. प्रदर्शनात त्या छायाचित्राखाली लावलेल्या इंग्रजी मजकुरातही तेच होते: कर्जापायी जीव दिलेल्या नवऱ्याचा शर्ट घालून शेतात उभी असलेली विधवा. महोदय, आमच्या भागात कापूस वेचायला जाणारी जवळजवळ प्रत्येक बाई साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट घालते. उकललेल्या बोंडाची वाळलेली टोके हाताला ओरबाडतात, पऱ्हाटीत म्हणजे कपाशीच्या झाडांत किडे असतात आणि ऊन दिवसभर पाठीवर असते, एवढे साधे त्याचे कारण आहे. शर्ट कधी नवऱ्याचा असतो, कधी भावाचा, कधी शाळा सोडलेल्या मुलाचा. डोक्याला घट्ट बांधलेल्या फडक्याखाली कपाळावरचे कुंकू झाकले जाते आणि गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्यांमुळे मंगळसूत्र दिसत नाही. दसऱ्यानंतर यवतमाळ-राळेगाव रस्त्याने कोणत्याही सकाळी गेले, तर अशा वेशातील बायांच्या रांगा शेताकडे जाताना दिसतात. त्या सगळ्या विधवा आहेत असे समजायचे काय?

या बाई दरवर्षी माझ्याही शेतात वेचणीला येतात. त्यांचे यजमान हयात आहेत, दुसऱ्याची चार एकर शेती बटईने करतात आणि पोळ्याला गावात बैलजोडी घेऊन मिरवतात. कालचा अंक मी त्यांच्या घरी नेऊन दाखवला आणि मजकूर वाचून सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, “माहा मानूस घरी जेवून रायला, अन् मले विधवा कामून केलं?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते छायाचित्रकाराने, प्रदर्शन भरवणाऱ्यांनी आणि आपल्या लेखकाने द्यायचे आहे.

छायाचित्र घेतले तो दिवस त्यांना आठवतो. कॅमेरा घेऊन माणूस बांधावर आला, तेव्हा त्यांना आणि सोबतच्या बायांना तो पंचनाम्याला आलेला वाटला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्यानंतर आमच्याकडे शेतात कॅमेरा दिसला की माणसे नुकसानभरपाईच्या आशेने उभी राहतात. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हाही गावोगाव कॅमेरे फिरत होते. बाई सरळ उभ्या राहिल्या, कॅमेऱ्यात पाहिले, आणि त्यांच्या नजरेत जी वेदना दिसल्याचे लेखात म्हटले आहे, ती नोंद व्हावी म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाची नजर होती. त्यांना नाव कोणी विचारले नाही. चित्राखाली कागदाचा प्रकार लिहिला आहे, छपाईची पद्धत लिहिली आहे, किती प्रती काढल्या तेही लिहिले आहे. बाईंचे नाव नाही, गावाचे नाव नाही, दिनांकही नाही.

जगात असे पूर्वीही झालेले आहे आणि छायाचित्रकलेचा अभ्यास केलेल्यांना ते माहीत असलेच पाहिजे. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर मुलांसह बसलेल्या एका आईचे छायाचित्र घेतले. वय ३२, सात मुलांची आई, एवढी नोंद झाली. नाव विचारलेच नव्हते, हे लँग यांनीच पुढे लिहून ठेवले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळायला १९७८ साल उजाडले. अन्नासाठी या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असे लँग यांनी लिहिले होते. तसे काही घडलेच नाही, असे त्या कुटुंबाने सांगितले. ते छायाचित्र थोर आहे, हे मी मान्य करतो. तरीही बेचाळीस वर्षे त्या बाईबद्दल दुसरेच बोलत राहिले. आता तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. नाव आणि गाव टिपून घ्यायला असा किती वेळ लागला असता?

आमच्याकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या आहेत आणि होत आहेत. माझ्याच गावात अशी दोन घरे आहेत. त्या घरांतील बाया कर्जाचे हप्ते, वारसनोंद आणि मदतीच्या प्रस्तावासाठी तहसीलला खेटे घालतात. त्यांचे दुःख दाखवायचे असेल, तर त्यांच्या परवानगीने, त्यांच्या नावाने दाखवावे. जिचा नवरा जिवंत आहे तिला विधवा म्हणून भिंतीवर लावल्याने या दोघींचे दुःखही खोटे ठरते, आणि उद्या खरे छायाचित्र आले तरी त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. माझा सगळा राग यासाठी आहे.

प्रदर्शनातील सगळेच वाईट होते, असे मी म्हणणार नाही. जिनिंग कारखान्यातील कामगाराच्या भुवयांवर बसलेल्या रुईचे मोठे छायाचित्र मी फार वेळ पाहत राहिलो, कारण सरकीपासून रुई सुटताना उडणारी ती धूळ मी स्वतः खाल्लेली आहे.

जाता जाता आणखी एक सांगतो. आमच्या शेतांची, आमच्या माणसांची चित्रे नागपुरात लागतात, मजकूर एका शब्दानेही मराठीत नसतो आणि दालन उघडते दुपारी चारला. आमच्या गावाकडची शेवटची एसटी गाठायची असेल, तर आत अर्धा तासही मिळत नाही. ज्यांची चित्रे आहेत, त्यांनी येऊ नये अशीच ही वेळ आहे.

आपणास विनंती आहे की, दुरुस्ती त्याच पानावर आणि ठळकपणे छापावी, आणि प्रदर्शन उठण्याआधी चित्राखालचा तो मजकूर बदलण्यास आयोजकांना सांगावे. बाईंचे नाव मी या पत्रात मुद्दाम देत नाही; ते द्यायचे की नाही, हे त्या ठरवतील. सध्या वेचणी सुरू आहे. आपला वार्ताहर संध्याकाळी कापूस मोजण्याच्या वेळी आला, तर त्या आणि त्यांचे यजमान दोघेही काट्याजवळ भेटतील.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ