कोलोनचे कॅथेड्रल: ६३२ वर्षे काम चालू नव्हते

प्रति,
संपादक

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला जर्मनीच्या प्रवासाचा लेख आवडीने वाचला. त्यात कोलोनच्या कॅथेड्रलविषयी ‘हे बांधायला ६३२ वर्षे लागली’ असे वाक्य आहे. १२४८ ते १८८० हा हिशेब बरोबर आहे. पण त्यामुळे सहा शतके तिथे छिन्नी-हातोडा अखंड चालला, असा वाचकांचा समज होतो. प्रत्यक्षात मधली जवळपास तीनशे वर्षे काम ठप्प होते. माझ्या मते या वास्तूचे मोठेपण कामात पडलेल्या त्या खंडात आणि त्यानंतर जे घडले त्यात आहे, म्हणून हे पत्र.

येशूच्या जन्मानंतर त्याच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून कोलोनला आणल्या गेल्या. यात्रेकरूंची रीघ लागली. १२४८ मध्ये जुने चर्च आगीत गेले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला नव्याचा पाया घातला गेला. स्थपती गेरहार्ड याच्यापुढे नमुना होता फ्रान्समधल्या आमियांच्या कॅथेड्रलचा. छत ४३ मीटर उंचीवर. एवढ्या उंचीवरचे दगडी छत भिंतींना बाहेर रेटते. तो रेटा बाहेरून दिलेल्या तिरप्या कमानी झेलतात आणि जाड खांबांवरून जमिनीत उतरवतात. भिंतीवरचा भार असा काढून घेतला की तिथे उंचच उंच काचेच्या खिडक्या बसवता येतात. गॉथिक या मध्ययुगीन युरोपीय बांधणीच्या शैलीचे सारे मर्म यात आहे. नुसत्या टोकदार कमानींत नाही.

पूर्वेकडचा भाग १३२२ मध्ये पूर्ण झाला. त्याची उघडी पश्चिम बाजू एका तात्पुरत्या भिंतीने बंद केली होती. ती तात्पुरती भिंत पाडली गेली १८६३ मध्ये! दक्षिणेचा मनोरा साठेक मीटरपर्यंत चढला आणि थांबला. १५६० च्या सुमारास पैसा आटला, उत्साहही आटला. अर्धवट मनोऱ्यावरची दगड वर चढवायची लाकडी यारी मात्र तशीच राहिली. शहराच्या जुन्या चित्रांत ती ठळक दिसते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिला पाहिले, आणि १८६८ मध्ये ती उतरवली गेली.

पुढे फ्रेंच फौजा आल्या, कॅथेड्रलचे कोठार झाले. आणि मग ते सापडले, ज्याचा उल्लेख लेखात हवाच होता: दर्शनी भागाचा मूळ आराखडा. १२८० च्या आसपास चर्मपत्रावर रेखलेला, चार मीटर उंच. त्याचा अर्धा भाग १८१४ मध्ये डार्मश्टाटला एका खाणावळीच्या माळ्यावर मिळाला, उरलेला अर्धा १८१६ मध्ये पॅरिसमध्ये. १८४२ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाने काम पुन्हा सुरू केले तेव्हा स्थपती त्स्वर्नर आणि नंतर फोइग्टेल यांनी मनोरे या आराखड्याबरहुकूम चढवले. छताचा सांगाडा मात्र त्यांनी लोखंडाचा केला. काही जण यामुळे वास्तूचा मोठा भाग ‘नकली’ ठरवतात. मला ते मुळीच पटत नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे रेखाटन प्रमाण मानून १५७ मीटरचे दोन मनोरे उभे करणे ही नक्कल नव्हे, ती निष्ठा आहे. खर्चाचा मोठा वाटा नागरिकांनी स्थापलेल्या संस्थेने उचलला. १५ ऑक्टोबर १८८० ला सम्राट पहिला विल्हेल्म याच्या उपस्थितीत पूर्ततेचा सोहळा झाला, तेव्हा तिथला आर्चबिशप सरकारशी झालेल्या संघर्षामुळे परदेशात परागंदा होता.

लेखात ‘काळवंडलेल्या भिंती’ एवढेच आले आहे. थोडे जवळून पाहिले असते तर बरे झाले असते. जुन्या भागाचा दगड ऱ्हाईनकाठच्या ड्राखेनफेल्स डोंगरातला ट्रॅकाइट, म्हणजे ज्वालामुखीतून झालेला खडक. त्यात नखाएवढे पांढुरके स्फटिक असतात. दगड झिजला की ते सुटून येतात आणि जागोजागी खळगे पडतात. एकोणिसाव्या शतकात वापरलेला श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म धुरातल्या गंधकापुढे आणखी दुबळा ठरला. म्हणून तिथे पाथरवट, काचकारागीर, परांची बांधणारे यांची कायमची कार्यशाळा आहे आणि परांची कुठे ना कुठे सदैव लागलेली असते. युरोपातल्या अशा कार्यशाळांची परंपरा युनेस्कोने २०२० मध्ये गौरवली. १९४३ मध्ये बॉम्बने उत्तर मनोऱ्याच्या आधाराला भगदाड पाडले, तेव्हा ते घाईघाईने विटांनी बुजवले गेले. त्या विटांवर मूळ घडणीचा दगड चढून पूर्ण व्हायला २००५ साल उजाडले.

मुंबईत गॉथिक वळणाच्याच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, म्हणजे कोलोनचे मनोरे पुरे होत आले होते त्याच सुमारास. राजाबाई टॉवरचा आराखडा करणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटने त्याआधी हॅम्बुर्गमध्ये सेंट निकोलस हे उंच गॉथिक चर्च बांधले होते. तेव्हा हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आपल्या पुरवणीने आता मुंबईच्या या वास्तूंवर लेख द्यावा. त्यात उंची आणि वर्षे येतीलच. पण कुर्ल्याचा पिवळसर दगड झिजतो तेव्हा नवा कुठून आणतात, तो घडवणारे हात आज किती उरले आहेत आणि त्यांना बारमाही काम मिळते का, हेही आपल्या बातमीदाराने विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली